दिंडी चालते कशी? वारीच्या कारभाराचा थोडा इतिहास



शताब्दीच्या अंकात कीर्तनकारांबद्दल, विणेकऱ्यांबद्दल, अन्नदात्यांबद्दल वाचायला मिळावे अशी आपली अपेक्षा असते, आणि ती बरोबरच आहे. मला मात्र कारभाराबद्दल लिहायचे आहे. पहाटे चूल कोणी पेटवायची, पाण्याचा टँकर कुठे उभा राहणार, चालणाऱ्यांतली एखादी म्हातारी मागे राहिली तर ते कोणाच्या ध्यानात येणार, भिशीची वही कोण लिहिणार. या गोष्टींवर कोणी कीर्तन करत नाही. पण त्या बिघडल्या तर कीर्तनही धड होत नाही, हे वारी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

हे लिहायला आणखी एक कारण आहे. आपल्या राहुरी तालुक्यातली पुष्कळ पोरं आता चाकणला, हिंजवडीला, कोणी परदेशात नोकरीला आहेत. त्यांतल्या काहींच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ असे लिहिलेले असते. घरचे म्हातारे विचारतात, “म्हणजे रे काय करतोस?” पोरगं सांगतं, ठरलेलं काम, ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या पैशात, चार-पन्नास माणसं धरून पार पाडायचं. म्हातारा म्हणतो, “म्हणजे दिंडीच की!” हा विनोद नाही. मुदत आषाढी एकादशीची, ती एक दिवसही पुढे सरकत नाही. पैसा भिशीचा, तो मोजकाच. माणसे आपापल्या मनाची, पगार कोणालाच नाही. आणि मध्ये पाऊस, चिखल, आजारपण, रस्त्यावरची वाहने. असे काम दरवर्षी पार पडते, शेकडो वर्षे पडत आले आहे. कसे, ते पाहायला इतिहासात जरा मागे जावे लागते. सुरुवात आपल्याच तालुक्यातून करू.

ताहराबादचे कुलकर्णी

संतचरित्रकार महिपती महाराज आपल्या राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे. जन्म 1715 चा, देहावसान 1790 चे. ‘भक्तविजय’ घराघरांत वाचला जातो म्हणून त्यांना सगळे ओळखतात. पण ते गावचे कुलकर्णी होते, हे अनेकदा विसरले जाते. कुलकर्णी म्हणजे गावचे दप्तर सांभाळणारा माणूस. कोणाची किती जमीन, कोणी किती सारा भरला, कोणाकडे किती थकले, हे सगळे त्याच्या लेखणीत.

परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट अशी. महाराज पूजेला बसलेले असताना सरकारी शिपाई बोलवायला आला. महाराजांनी सांगितले, पूजा आटोपून येतो. शिपायाने ऐकले नाही, घाई केली. महाराज गेले, सरकारी काम पुरे केले, आणि परत आल्यावर लेखणी विठ्ठलाच्या पायाशी ठेवली. यापुढे ही लेखणी चाकरीसाठी उचलायची नाही, संतांचे चरित्र लिहिण्यासाठीच उचलायची, असा त्यांचा निश्चय.

या गोष्टीत आपण नेहमी निश्चयाकडे पाहतो. माझे लक्ष मधल्या एका वाक्याकडे जाते: काम पुरे केले. रागावून दप्तर अर्धवट टाकून ते उठले नाहीत. हातातले काम नीट संपवले, मग लेखणी ठेवली. सोडायचे असले तरी काम सुपूर्त करून सोडायचे, ही कारभाऱ्याची पहिली रीत.

दुसरी गोष्ट त्यांच्या लेखनाची. ‘संतलीलामृत’, ‘भक्तविजय’ 1762 चा, ‘भक्तलीलामृत’ 1774 चे. तीन मोठे ग्रंथ. एकट्या ‘भक्तविजया’चे 57 अध्याय आहेत. त्या काळात छापखाना नाही, ग्रंथालय नाही. माहिती गोळा करायची ती पोथ्यांतून, कीर्तनांतून, वारकऱ्यांच्या तोंडून. एवढे काम अंगात आल्यासारखे एका रात्रीत होत नसते, ते रोज बसून होते. आणि त्यांनी एक फार मोलाची शिस्त पाळली. आपण हे मनाने रचलेले नाही, नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांच्या आधाराने लिहितो आहोत, असे त्यांनी ग्रंथातच सांगून टाकले. कुलकर्ण्याची सवय ती! दप्तरातल्या प्रत्येक आकड्याला आधार लागतो. त्यांनी सरकारी दप्तर सोडले, पण दप्तराची शिस्त सोडली नाही, ती संतांच्या कामाला लावली. आज जी पोरं कंपनीत शिकलेली शिस्त दिंडीच्या कामाला लावू पाहतात, त्यांनी आपल्या तालुक्यातला हा पूर्वज ध्यानात ठेवावा.

आरफळचे हैबतबाबा

महिपतींनी संत कोण होते ते लिहून ठेवले. संतांच्या पालख्या रस्त्याने कशा न्यायच्या, हे ज्यांनी बसवून दिले ते हैबतबाबा.

पंढरीची वारी ज्ञानोबारायांच्याही आधीपासूनची. लोक आपापल्या गावाहून, आपापल्या टोळीने जात. 1685 साली तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीला जाऊन ज्ञानोबांच्या पादुका सोबत घेतल्या आणि दोन्ही पंढरीला नेल्या. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हा जोडगजर तिथूनच रूढ झाला असे मानतात. पुढे मानापानावरून मतभेद झाले आणि दोन पालख्या वेगळ्या निघण्याची वेळ आली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आळंदीची स्वतंत्र पालखी सुरू करून तिला आजचे रूप दिले ते हैबतराव बाबा पवार यांनी. हे सातारा भागातल्या आरफळचे, म्हणून आरफळकर. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी ते सरदार होते. गावाकडे परतताना सातपुड्याच्या रानात लुटारूंनी अडवले, कोंडून ठेवले, हरिपाठाच्या बळावर सुटका झाली, आणि मग ते घरी न जाता आळंदीला माउलींपाशी राहिले, अशी कथा सांगतात.

आता लक्षात घ्या, हा माणूस फौजेतला होता. हजारो माणसे, जनावरे, तंबू, दाणागोटा घेऊन रोजचा मुक्काम गाठायचा कसा, हे त्याने आयुष्यभर केलेले. वारीला त्याने तेच ज्ञान दिले, फक्त हत्यार काढून हातात टाळ दिला. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून त्यांनी घोडे, तंबू आणि नैवेद्याची सोय मिळवली. अंकलीचे अश्व आजही दरवर्षी आळंदीला येतात. दिंड्यांचा क्रम लावला: रथापुढे कोण, रथामागे कोण, प्रत्येकाचा नंबर ठरलेला. रथापुढे 27 दिंड्या हा नेम आजतागायत आहे. वाटेत कोणत्या वेळी कोणते भजन, याची मालिकाही लावून दिली. त्यामुळे ‘आता काय म्हणायचे’ यावर रस्त्यात वाद नाही. रोज नव्याने ठरवावे लागू नये म्हणून ज्या गोष्टी एकदाच ठरवता येतात त्या ठरवून टाकायच्या, आणि डोके मोकळे ठेवायचे ते पावसासाठी, आजारी माणसासाठी, अडलेल्या गाडीसाठी. मोठ्या कारभाऱ्याची ही खूण आहे.

आणि एवढे करून हा माणूस गेला कुठे? आळंदीला माउलींच्या महाद्वारात, पायरीशी. कार्तिकी सोहळ्याची सुरुवात हैबतबाबांच्या पायरीच्या पूजनाने होते. ज्याने लाखोंच्या वारीला वळण दिले, त्याची जागा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली. गादी मागितली नाही. म्हणून बाबा गेल्यावर पालखी थांबली नाही. व्यवस्था त्यांच्या नावावर नव्हती, नेमावर होती.

तीन कर्णे आणि एक चोप

आळंदीच्या सोहळ्यातल्या दोन रीती प्रत्येक कारभाऱ्याने डोळे उघडे ठेवून पाहाव्यात.

पहिली कर्ण्याची. पहाटे कर्णा एकदा वाजला की आवरायला लागायचे. दुसऱ्यांदा वाजला की दिंडीने आपल्या जागी उभे राहायचे. तिसऱ्यांदा वाजला की चालायचे. एकच इशारा देऊन ‘चला’ म्हटले असते तर म्हातारी माणसे मागे राहिली असती आणि तरण्यांनी त्यांच्या नावाने खडे फोडले असते. तीन इशाऱ्यांत माणसाला माणूस म्हणून सवड दिलेली आहे. पण तिसऱ्यानंतर मात्र कोणासाठी थांबणे नाही, मग तो कितीही मोठा असो.

दुसरी रीत संध्याकाळच्या समाजआरतीची. मुक्कामी पालखी तळावर येते. दिंड्या भोवताली उभ्या राहतात, हजारो टाळ-मृदंग चालू असतात. चोपदार चोप उंचावून हाळी देतात आणि एका क्षणात सगळे शांत होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण कधीकधी एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. ती दिंडी बेशिस्त आहे असे नाही. तिची काही तक्रार आहे, असा त्याचा अर्थ. चालताना क्रम मोडला असेल, तळावर जागा मिळाली नसेल, कोणी वाहन मध्ये घातले असेल. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, ऐकून घेतात, तोडगा सांगतात. समाधान झाले की टाळ थांबतात. मगच पुढचे. हरवले-सापडले पुकारले जाते, उद्या किती वाजता निघायचे ते सांगितले जाते आणि आरती होते.

याचा जरा विचार करा. तक्रार करण्याची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, आणि तक्रार सगळ्यांच्या कानावर पडेल अशी. कुजबुज नाही. तक्रार आरतीच्या आधी, नंतर नाही. म्हणजे मनात अढी ठेवून कोणी आरतीला उभे राहत नाही, आणि आजचा रुसवा उद्याच्या वाटेवर जात नाही. मोठमोठ्या कंपन्यांत आता रोज सकाळी सगळ्यांनी उभ्याने दहा-पंधरा मिनिटे जमायचे, काल काय झाले, आज काय करायचे, अडचण काय आहे ते सांगायचे, अशी पद्धत आहे. चांगली आहे. आपल्याकडे ती संध्याकाळी होते, एवढाच फरक. आणि आपल्याकडे अडचण सांगणाऱ्याला टाळ वाजवायचा हक्क आहे!

नाथांची वाट आणि आपला मुलूख

आळंदी-देहूचा थाट मोठा. पण आपल्या मुलखाची ओळखीची पालखी निवृत्तिनाथांची. त्र्यंबकेश्वराहून निघून नाशिक, सिन्नरच्या बाजूने ती आपल्याकडे येते. बेलापूर, मग राहुरी, पुढे डोंगरगण, नगर, मिरजगाव, कर्जत, करमाळ्याचा भाग करत पंढरी गाठते. वाट साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. आळंदीच्या वाटेपेक्षा कितीतरी लांब, आणि उन्हाळा सरता सरता कोरड्या मुलखातून. थोरल्या भावाची वाट लांबच असायची!

लांब वाटेने एक गोष्ट शिकवली: चाल कोणाची धरायची? तरण्याच्या चालीने दिंडी निघाली तर पहिल्या दिवशी छान दिसते, चौथ्या दिवशी निम्मी माणसे टेम्पोत बसलेली असतात. म्हणून जुने लोक मुक्काम ठरवताना दिंडीतल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याकडे पाहून अंतर ठरवत. मध्ये विसावा. पुढे पताकाधारी, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या माउल्या. आणि अगदी मागे एखादा जाणता माणूस हवा, ज्याने कोणालाही आपल्या मागे राहू द्यायचे नाही. या माणसाचा फोटो कधी येत नाही. पण दिंडीची माणसे मोजून सांगायची झाली तर त्यालाच विचारावे लागते.

विण्याची रीतही अशीच. विणा जमिनीवर टेकवायचा नाही. विणेकऱ्याला बाजूला व्हायचे असेल तर दुसऱ्याच्या गळ्यात विणा द्यायचा, पाया पडायचे आणि मगच निघायचे. अखंड सप्ताहात रात्रंदिवस विण्याचा पहारा असतो. पहाऱ्याची यादी आधीच लागलेली असते, आणि पुढचा माणूस आला नाही तर आधीचा उभाच राहतो. ‘माझी पाळी संपली’ म्हणून विणा खुंटीला अडकवून कोणी गेला, असे कधी ऐकले आहे? काम एकाकडून दुसऱ्याकडे जाते तिथेच ते सांडते. विण्याच्या नेमाने ती जागाच बुजवली आहे.

आणखी एक उदाहरण आपल्या शेजारचे, सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाचे. लाखो माणसे जेवतात. एवढ्या भाकरी एका जागी भाजायच्या म्हटल्या तर चुलीच पुरणार नाहीत. म्हणून आमटी सप्ताहाच्या जागी शिजते आणि भाकरी गावोगावच्या घरांतून येतात. घराला पाच-दहा भाकरी जड नाहीत. सगळ्या गावांच्या मिळून ट्रॉल्या भरतात. अवघड काम मोठ्या माणसाच्या खांद्यावर न टाकता लहान लहान करून पुष्कळ घरांत वाटायचे, हा हिशेब कोण्या बायांनी, कोण्या गावकऱ्यांनी बसवला, त्यांची नावे कुठे नाहीत. पण वाटणी करताना काय वाटायचे आणि काय एका जागी ठेवायचे हे त्यांना नेमके कळले होते. आमटी घराघरांतून आणली असती तर प्रत्येक घराची चव वेगळी आणि निम्मी रस्त्यात सांडली असती!

आपण राहुरीकरांना हे नवे नाही. मुळा धरणाच्या पाण्याचे आवर्तन, चारीवरची पाळी, कारखान्याच्या ऊसतोडीचा कार्यक्रम, हे आपले रोजचे विषय. पाळी सगळ्यांना माहीत असली की रात्री दोनला बारे धरायला माणूस कुरकुर न करता जातो. पण एखाद्याचा ऊस नोंदणीच्या तारखेच्या आधी तुटला असे कळले की गाव पेटते. लोकांना कष्टाचा राग नसतो, क्रम मोडल्याचा असतो. दिंडीतही तेच. नंबर कितवाही असो, तो ठरलेला आणि उघड असला की माणूस निमूट चालतो.

व्यवस्थेचेही दोष असतात

इतिहास लिहायचा तर गोडच लिहून चालणार नाही. नीट लावलेली व्यवस्था माणसांना बाहेरही ठेवू शकते.

इरावतीबाई कर्वे यांनी वारी केली आणि त्यावर ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. ‘परिपूर्ती’ या पुस्तकात तो आहे. त्यांनी जे पाहिले ते लपवले नाही. एकाच वाटेने, एकाच नामाच्या गजरात चालणारी माणसे मुक्कामी मात्र जातीजातींच्या पंगतीत बसत होती. चालताना एक आणि जेवताना वेगळे. इरावतीबाईंना ते खुपले, आणि त्या स्वतः पंगत ओलांडून दुसऱ्या बायांत जाऊन जेवल्या.

खुद्द पंढरीच्या मंदिराचे दार अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या बांधवांना 1947 सालापर्यंत बंद होते. चोखोबांची समाधी महाद्वाराशी, पण त्यांच्या लोकांना आत प्रवेश नाही. त्या वर्षी मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, त्याआधी महाराष्ट्रभर दौरा केला, आणि दार उघडले. म्हणजे शेकडो वर्षे वारी वेळेवर पोचत होती, क्रम चुकत नव्हता, नेम मोडत नव्हता, तरी एवढी मोठी चूक सुरूच होती. का? कारण ज्यांची तक्रार होती त्यांच्या हातात वाजवायला टाळच नव्हता. ते आरतीच्या वर्तुळात उभेच नव्हते.

कारभाऱ्याने हे रोज स्वतःला विचारावे. माझ्यापर्यंत तक्रार आली नाही, याचा अर्थ तक्रार नाही, की सांगणाऱ्याला जागा नाही? दिंडीत निम्म्याहून जास्त माउल्या असतात. राहुट्या कुठे लावायच्या, अंघोळीची सोय, शौचालयाची गाडी किती लांब उभी राहणार, हे ठरवताना त्यांतली एक तरी बसलेली असते का? नसेल तर ते ठरवणे अर्धेच.

2020 चे वर्ष

2020 साली करोनामुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका मोजक्या माणसांसह एसटी बसने पंढरीला गेल्या. पुढच्या वर्षीही तसेच झाले. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी चुकली नव्हती त्यांच्या जिवाची काय तगमग झाली, ती आपण सर्वांनी पाहिली आहे.

पण त्या वर्षी एक गोष्ट स्पष्ट झाली. काय सोडता येते आणि काय नाही, हे संप्रदायाला माहीत होते. रथ राहिला, रिंगण राहिले, गर्दी राहिली. पादुका मात्र ठरलेल्या तिथीला पोचल्या. हरिपाठ घराघरांत झाला. भलेभले कारभारी संकटात गांगरतात ते याच जागी: सगळेच महत्त्वाचे म्हणून धरून बसतात आणि सगळेच हातातून जाते. आधीच ठरलेले हवे, गाडी अडली तर आधी काय उतरवायचे आणि काय शेवटपर्यंत डोक्यावर न्यायचे.

आता आपल्यापाशी

शंभर वर्षे झाली. आता प्रश्न पुढच्यांचा आहे. वही लिहिणारे, कोठी सांभाळणारे, पुढे जाऊन मुक्कामाची जागा पाहणारे पुष्कळ जण साठी-सत्तरीचे आहेत. कोणत्या गावात कोणाच्या वस्तीवर पाणी आहे, कुठल्या ओढ्याला पाऊस झाला की ट्रक फसतो, कोणत्या आजीला कोणते औषध लागते, हे त्यांच्या डोक्यात आहे. कागदावर नाही. आणि पोरांच्या हातात मोबाईल आहे, त्यात नकाशा आहे, पण आजी नाही.

दोघांनी एकमेकांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पोरांनी पैसे मोबाईलवर घ्यावेत, हिशेब संगणकावर ठेवावा, नावांची यादी रक्तगटासह करावी. चांगलेच आहे. मात्र एका गोष्टीपुरते सांभाळावे. मोबाईलच्या ग्रुपवर सूचना देता येते, पण रुसवा निघत नाही. तिथे तक्रार कोणी लिहिली तर दहा जण अंगठा दाखवतात आणि तक्रार तशीच राहते. दिंडी पावसाने मोडत नाही. ती मोडते मनात ठेवलेल्या गोष्टीने. ‘मला विचारलं नाही’ एवढ्या तीन शब्दांवरून माणसे दुसऱ्या दिंडीत जातात आणि पुन्हा येत नाहीत. म्हणून संध्याकाळी हरिपाठानंतर सगळ्यांनी गोल बसायचे, ही बैठक कधीही मोबाईलवर नेऊ नये.

जुन्यांनाही एक विनंती आहे. विणा दुसऱ्याच्या गळ्यात देताना आपण पाया पडतो. वही देताना का कचरतो? कारभार मरेपर्यंत स्वतःकडे ठेवणे ही निष्ठा नव्हे. निष्ठा पाहायची तर ताहराबादची पाहावी, काम पुरे करून लेखणी ठेवण्याची. नाहीतर आळंदीची पाहावी, पायरी होण्याची.

इतिहासातून मला रोजच्या पाळण्याच्या गोष्टी सापडल्या त्या या. त्या दिंडीला चालतात, बचत गटाला चालतात, लग्नघराला चालतात आणि हिंजवडीच्या ऑफिसातही चालतील.

उद्याची वेळ आजच, सगळ्यांसमोर सांगावी. तीनदा इशारा द्यावा, चौथ्यांदा थांबू नये. अंतर ठरवताना सर्वांत सावकाश चालणाऱ्याकडे पाहावे. दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय काम खाली ठेवू नये. अवघड काम घराघरांत वाटावे, पण आमटी एका जागीच शिजवावी. भिशीची वही कोणालाही, कधीही पाहता यावी. तक्रार आरतीच्या आधी ऐकावी. ज्याचा आवाज येत नाही त्याच्यापाशी आपण उठून जावे. आणि काम पार पडले की पुढे बसू नये.

यांतली एकही गोष्ट मोठ्या बुद्धीची नाही. अवघड आहे ते रोज करणे. पण रोज करणे म्हणजे नेम, आणि नेमाचे माणसाला आपल्याकडे वेगळे शिकवावे लागत नाही. जो एकादशी चुकवत नाही, माळ विसरत नाही, त्याला संध्याकाळची दहा मिनिटांची बैठक जड नाही.

एक सूचना करतो आणि थांबतो. या वर्षीच्या वारीत प्रत्येक जुन्या कारभाऱ्याने एक तरणा मुलगा किंवा मुलगी शेजारी घ्यावी. लिहिणारा तरणा, सांगणारा जुना. मुक्काम, पाणी, वस्त्या, ओळखीची घरे, आजारी माणसे, सगळे रोजच्या रोज वहीत उतरवावे. पुढच्या वर्षी सांगणारा शेजारी असेलच असे नाही, पण वही असेल. दुसऱ्या शतकाचा पहिला मुक्काम तिच्या भरवशावर गाठता येईल.

रामकृष्णहरी.